नायगावची चूल

नानासाहेब ओव्हाळांना वनखात्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण गेल्या आषाढापासून त्यांची ड्यूटी पुन्हा सुरू झाली. दिवस उजाडला की ते खुंटीवरची खाकी टोपी डोक्यावर चढवायचे, कोपऱ्यातली काठी उचलायचे आणि तेरच्या आपल्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून रस्त्याकडं बघत विचारायचे, "जीप आली का?"

"कुठली जीप?" मालनबाई आतून ओरडायची. "नऊ वर्षं झाली की तुमाला घरी बसून!"

यावर नानासाहेब तिच्याकडं अशा नजरेनं बघायचे, की ही कोण बाई आणि माझ्या नोकरीचं हिला काय पडलंय. मग पुन्हा रस्त्याकडं तोंड. दहा-साडेदहापर्यंत उभेच. पाय सुजायचे, पण बसायचे नाहीत.

सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. आठवणींतलं आधी अलीकडचं जाईल, जुनं बरेच दिवस टिकेल. जुन्यात मालनबाई होतीच की. पण ती पस्तिशीतली, पदर खोचलेली, काळ्याभोर केसांची. समोर वावरणारी ही पासष्टीची म्हातारी त्यांच्या जुन्यात कुठंच बसत नव्हती. श्रावण संपता संपता नानासाहेब तिला "बाई" म्हणायला लागले. "बाई, जरा पाणी देता का?" सगळा जन्म ज्या माणसानं "मालन, पाणी दे" म्हटलं, त्याच्या तोंडचं ते "देता का" पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी मालनबाई त्यांना पाणी देऊन मागं न्हाणीत जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तसं बघितलं तर नवऱ्याशिवाय राहायची तिला सवय होती. लग्न होऊन लोहाऱ्याकडून ती तेरला आली तेव्हा नानासाहेब रोपवाटिकेत रोजंदारीवर होते. पुढं वनरक्षक झाले आणि बदल्या सुरू झाल्या. पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं घरी यायचे. सोबत पिशवीभर बोरं असायची, नाहीतर सीताफळं. दोन रात्री राहायचे आणि जायचे. तेरणेच्या काठचं चार एकर रान मालनबाईनं एकटीनं ओढलं. औत हाकलं, पाळी घातली, गावात कुणी सोयाबीनचं नाव घेत नव्हतं तेव्हा एकरभर पेरून दाखवलं. बांधावरचे बापय पेरणीच्या आधी तिला विचारायला यायचे, "मालनबाई, वापसा झालाय का वो?" ती वाकून चिमूटभर माती उचलायची, बोटांत चुरगाळायची आणि जमीन पेरणीजोगी वाळलीय का ते सांगायची. तिचं सांगणं सहसा चुकायचं नाही.

एकुलती एक लेक, श्रावस्ती. अभ्यासात हुशार निघाली, डी.एड. झाली, लोहारा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली. आईवर जीव, बापाशी मात्र कामापुरतं बोलणं. "अण्णांचं खरं घर जंगल," असं ती लहानपणापासून म्हणायची. "आपल्याकडं पाव्हण्यासारखे येतात." तिच्या लग्नातसुद्धा नानासाहेब आदल्या दिवशी संध्याकाळी पोचले होते, कारण त्याच आठवड्यात अभयारण्यात वणवा लागला होता. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही आणि कधी विसरलीही नाही.

त्या श्रावस्तीनंच दिवाळीच्या सुट्टीत विषय काढला. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, अमृतनं, उन्हाळ्यात विजेवरची गाडी घेतली होती. पांढरी, बसकी, आवाज म्हणून कसला नाही.

"माय, अण्णांना जिथं जिथं नोकरी केली तिथं घेऊन जाऊ," ती म्हणाली. "जुनी जागा दिसली की अशी माणसं शांत होतात म्हणतात. येडशीचं रामलिंग, तिथून नायगावचं मोरांचं अभयारण्य, आणि पुढं रेहेकुरीला काळवीट बघून खर्डा-भूमवरून परत. तीन दिवस."

"आणि रान?"

"तीन दिवस रान कुठं जात नाही."

मालनबाईनं मान डोलावली. नवऱ्यानं एकोणतीस वर्षं जंगल राखलं, आणि तिनं आजवर एक हरीण बघितलं नव्हतं. येडशी तर घरापासून अर्ध्या तासावर. तिथंही कधी गेली नव्हती.

अमृतला रजा मिळाली नाही, गाडी श्रावस्तीच चालवणार होती. निघायच्या दिवशी नानासाहेब नेहमीसारखे टोपी-काठी घेऊन उंबऱ्यात उभे होते. गाडी दारात येऊन थांबली तरी त्यांना कळलं नाही. श्रावस्तीनं दार उघडलं.

"अण्णा, जीप आली."

नानासाहेबांचा चेहरा असा उजळला, की मालनबाईला वाटलं, चार महिने मी या माणसाशी उगाच भांडत होते. एवढंच तर ऐकायचं होतं त्यांना.

येडशीच्या घाटात उन्हं कोवळी होती. पावसाळ्यातलं हिरवं आता पिवळं पडायला लागलं होतं, पण झाडं अजून दाट होती. नानासाहेब खिडकीला तोंड लावून नावं घेत होते. "धावडा. खैर. तो सालईचा. हितं चंदन व्हतं, तोडलं कुणीतरी." माकडं कठड्यावर बसून पोरं खाजवत होती. गाडी त्यांच्या बाजूनं गेली तरी एकही उठलं नाही.

"गाडी बंद पडली का?" नानासाहेबांनी विचारलं.

"नाही अण्णा, चालूच आहे. हिला आवाजच नसतो."

"मग बरंय. जनावर बुजत न्हाय."

घाट उतरताना श्रावस्तीनं समोरच्या स्क्रीनवरचा आकडा दाखवला. "बघ माय, उतारावर बॅटरी उलटी भरती."

"उतारावर भरती?" मालनबाई म्हणाली. "मग आमचंच उलटं हाय म्हणायचं." मायलेकी हसल्या. नानासाहेबही हसले, कशाला ते न कळता. तेवढा अर्धा दिवस चांगला गेला.

येरमाळा गेलं, हायवे लागला. चौसाळ्याच्या अलीकडं एका हॉटेलाच्या आवारात चार्जिंगची सोय होती. तिथं आधीच एक गाडी लावलेली. तिची होऊन आपली लागेपर्यंत अर्धा तास, पुढं पाऊण तास. श्रावस्ती वायर लावून शाळेच्या एका बाईशी फोनवर बोलत लांब कडुनिंबाखाली गेली. मागच्या सीटवर दोघंच राहिली. समोर तुरीचं रान पिवळ्या फुलानं भरलं होतं.

"बाई, तुमी कुठल्या?" नानासाहेबांनी विचारलं. प्रवासात शेजारच्याला विचारतात तसं.

मालनबाईला सांगावंसं वाटलं, अवो मी मालन. रोज सांगून बघितलं होतं. सांगितलं की ते घाबरायचे, कावरेबावरे व्हायचे, आणि दिवसभर तिच्या हातचं खायचे नाहीत.

"तेरची," ती म्हणाली.

"तेर?" ते खूश झाले. "आमची मंडळी बी तेरलाच असती. वळखत असाल. मालन नाव. नदीच्या काठाला रान हाय आमचं."

"वळखते की."

"लई कष्टाळू बाई." ते थोडे तिच्याकडं सरकले, आतली गोष्ट सांगतात तसे. "आता नायगावला येणार हाय राहायला. क्वार्टर भेटलंय मला. दोन खोल्या. म्या सोताच्या हातानं चुना दिला. मोरीला आडोसा केला. चूल घातली, वैलाची, दोन तोंडांची. तिला तशीच लागती. एकीकडं भाकर, वैलावर कोरड्यास. घरी एकाच तोंडाची हाय, तिचा खोळंबा व्हतो. म्हणून म्या मुद्दाम घातली. माती वारुळाची आणली, लई चांगली बसली."

मालनबाईच्या हातातली पाण्याची बाटली मांडीवर आडवी झाली.

तिला आठवलं. श्रावस्ती सहावीत होती. संक्रांतीला ते आले होते, आणि जाताना रानात बांधावर उभं राहून म्हणाले होते, "तिकडं चल आता. क्वार्टर मिळालंय." त्यांना त्याहून जास्त बोलता यायचं नाही. ती कापसाची पऱ्हाटी उपटत होती. न वळताच म्हणाली होती, "येते की. सुगी झाल्यावर." सुगी झाली. मग पेरणी आली. पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं नाही आणि तिनं काढलं नाही. त्यांनी आधी तिथं चुना दिला, चूल घातली, हे तर ती आज ऐकत होती.

"पोरीच्या शाळेचं बी बघून ठेवलंय," नानासाहेब सांगत होते. "हेडमास्तरांना भेटलो. म्हणले आणा, हुशार हाय तर पुढच्या बाकावर बसवू."

"आणि…" मालनबाईनं मांडीवरची बाटली सरळ केली. "आणि आली न्हाय तर?"

नानासाहेबांनी तिच्याकडं नवलानं बघितलं. "का न यावं? म्या इचारलं तवा व्हय म्हणली. सुगी झाली की येणार. बोलली म्हणजे बोलली, तशी हाय ती." आणि तुरीच्या फुलांकडं बघत, जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, "जरा उशीर व्हतोय. कामाचा रगाडा हाय तिला. म्या काय घाई करीत न्हाय."

श्रावस्ती परत आली तेव्हा बॅटरी भरली होती. "काय गं माय, डोळे का लाल?" तिनं विचारलं. मालनबाई म्हणाली, धूळ गेली.

नायगावला पोचायला दुपारचे तीन वाजले. बालाघाटाच्या उघड्या टेकड्या, त्यांच्या बेचक्यांत झाडी, आणि गाडीच्या काचा खाली केल्या केल्या चहूकडून मोरांचे आवाज. चौकीवरचा वनरक्षक हिंमतराव पन्नाशीचा होता. कोवळ्या वयात तो नानासाहेबांच्या हाताखाली लागला होता. गाडीतून उतरणारी टोपी बघून तो धावत आला, वाकून पाया पडला.

"साहेब! वळखलं का?"

"गस्त झाली का?" नानासाहेबांनी विचारलं.

हिंमतरावानं श्रावस्तीकडं बघितलं. तिनं मान हलवली. तो चटकन सरळ उभा राहिला. "झाली साहेब. सगळं ठीक हाय."

जुनं क्वार्टर चौकीच्या मागं होतं. आता त्यात कोणी राहत नव्हतं. रंगाचे डबे, मोडक्या पाट्या, तारेची भेंडोळी ठेवायला वापरायचे. हिंमतरावानं कुलूप काढलं. नानासाहेब मात्र आत गेले नाहीत. ते पाणवठ्याच्या बाजूला चालू लागले आणि श्रावस्ती त्यांच्या मागं गेली. मालनबाई आत शिरली.

पुढची खोली ओलांडून ती स्वैपाकाच्या खोलीत गेली. भिंतीचा चुना पोपडे धरून गळला होता. कोपऱ्यात चूल होती, शेजारी वैल. वरून पोतं टाकलेलं. तिनं पोतं बाजूला केलं. बोटभर रुंदीच्या दोन भेगा पडल्या होत्या, पण कडा अजून रेखीव होत्या. आत हात घालून बघितला. बोटाला काजळी लागली नाही. मातीच लागली, कोरडी.

"ही चूल साहेबांनी कुणाला पेटवू दिली न्हाय," दारातून हिंमतराव म्हणाला. "आमी म्हणायचो, साहेब, पावसाचं आत करू की स्वैपाक. तर न्हाय. भायेर पत्र्याखाली तीन दगडं मांडून करून खायचो. साहेब सोता तिथंच भाकरी बडवायचे. आमाला वाटायचं काय नवस-बिवस हाय का. तर म्हणायचे, नवस कसला, मालकीण यायची हाय, तिच्या हातानं पेटू दे."

"किती वर्षं होते हितं?"

"अकरा. दरसाल दिवाळीच्या आधी लिंपायचे तिला. बदली झाली त्या साली बी लिंपून गेले. त्यांच्यामागं हितं कुणी राहिलंच न्हाय."

अकरा वेळा. मालनबाई चुलीपुढं खाली बसली. हिंमतराव गांगरला, पाणी आणायला म्हणून बाहेर गेला.

तिच्या मनात काय आलं ते तिलाही नंतर धड सांगता आलं नाही. ती उठली, मागच्या दारानं बाहेर जाऊन वाळक्या काटक्या गोळा करून आणल्या. हिंमतरावाकडून काडेपेटी आणि चहाचं पातेलं मागून घेतलं. तो नको म्हणाला नाही. काटक्या रचल्या, खाली कागदाचा बोळा सरकवला, आणि काडी ओढली. धूर आधी भेगांतून निघाला, मग जाळ धरला. तिनं पातेलं ठेवलं. दोन घोट चहा करायचा, त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच.

धूर बघून नानासाहेब आले. इतक्या भरभर ते गेल्या वर्षभरात चालले नव्हते. दारात क्षणभर थांबले, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी पेटवली?" ते ओरडले. "कुणी सांगितलं तुमाला? बाई, उठा. उठा तिथनं!"

"अण्णा, अहो…" श्रावस्ती मागून धावत आली.

"ती आमच्या मंडळीची चूल हाय!" त्यांनी पुढं होऊन पातेलं लाथेनं उडवलं, वाकले आणि जळत्या काटक्या हातानं बाहेर ओढायला लागले. हिंमतरावानं त्यांना धरलं तोवर तळहात पोळला होता. ते हात सोडवायला बघत होते. "तिनं पेटवायची व्हती. तिला काय सांगू म्या आता? वापरलेली चूल दिऊ व्हय तिला?"

मालनबाई भिंतीला टेकून उभी होती. लुगड्याच्या काठावर चहाचं पाणी पडलं होतं. सांगायचं तर आताच सांगायला हवं होतं, मीच ती म्हणून. ओठांपर्यंत आलंही. पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत तिच्यावर जो राग होता, तो तिच्याचसाठी होता, आणि त्याच्या आड यायची तिला लाज वाटली.

तिनं हात जोडले. "चुकलं माझं."

नानासाहेबांचा श्वास हळूहळू खाली आला. त्यांनी जोडलेल्या हातांकडं बघितलं, आणि ते मुळातले भले गृहस्थ असल्यानं त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

"असू द्या," ते म्हणाले. "तुमाला ठाऊक नव्हतं."

हिंमतरावानं त्यांच्या हाताला कोरफड लावली, फडकं बांधलं. निघताना नानासाहेबांनी त्याला बजावलं, "ती पुन्यांदा लिंपून घे. दिसता कामा नये." तो "व्हय साहेब" म्हणाला आणि गाडी वळेपर्यंत हात कपाळाला लावून उभा राहिला.

पाटोद्याच्या रस्त्याला लागल्यावर श्रावस्तीनं विचारलं. आरशातून आईकडं न बघता.

"माय, अण्णांनी आपल्याला बोलावलं होतं?"

"व्हय."

"तू जायचं म्हणाली होतीस?"

"व्हय."

"मग?"

डिझेलच्या गाडीत माणसाचं गप्प बसणं इंजिनच्या आवाजात खपून जातं. या गाडीत ते खपेना. शेजारी नानासाहेब मान टाकून झोपले होते, फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर.

"तुझी आज्जी आजारी होती…" मालनबाईनं सुरुवात केली आणि थांबली. सासू आजारी होती हे खरं होतं. पण सासूनं तर तिला सांगितलं होतं, जा बाई, मला माझी लेक बघंल. एवढी वर्षं तिनं सगळ्यांना सासूचंच कारण सांगितलं होतं, स्वतःलासुद्धा.

"न्हाय," ती म्हणाली. "आज्जीचं निमित्त. मला रान सोडवलं न्हाय. गावात माझं कुणी ऐकत होतं, बाळा. बापय इचारायला येत होते. तिकडं जाऊन दोन खोल्यांत काय करायचं होतं म्या? शिपायाची बायको म्हणून बसायचं? म्हणलं, जाऊ पुढच्या साली. मग जायचं राहूनच गेलं."

श्रावस्तीनं मागून आलेला ट्रक पुढं जाऊ दिला. मग तिचा आवाज आला, वर्गातला कडक आवाज नव्हता तो. "मी सहावीत होते. मला रोज वाटायचं, अण्णांना आपण नकोत. त्यांच्याशी मी धड बोलले नाही कधी. लग्नात पाया पडले तेवढंच. तू एकदा सांगायचं होतंस, माय. आता बोलायला गेले तर ते मला फॉरेस्टची मॅडम म्हणतात."

मालनबाईनं नानासाहेबांच्या हातावरचं सैल झालेलं फडकं नीट बांधलं.

दुसऱ्या दिवशी रेहेकुरीला उन्हं चढायच्या आत पोचले. सगळीकडं गवत, गुडघ्याएवढं, वाळून सोन्यासारखं झालेलं. रात्री लॉजवर श्रावस्ती मोजकंच बोलली होती. एका वळणावर तिनं गाडी हळू केली. वीस-पंचवीस हातांवर काळविटांचा कळप चरत होता. मधोमध काळा नर, पिळाची शिंगं मागं टाकून उभा. गाडी आली तरी त्यानं नुसती मान वळवली.

मालनबाईनं जन्मात पहिल्यांदा हरीण बघितलं. एवढं देखणं जनावर असतं, आणि त्याच्या डोळ्यांखाली काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, दोन रात्रींच्या मुक्कामात, आणि ती तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या खुरपणीच्या बाया ठरवत असेल.

"आमच्या मंडळीला एकदा दाखवायचं हाय हे," नानासाहेब हळू आवाजात म्हणाले. कालचं काही त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं. "तुमी तेरला जाल तवा सांगाल का तिला? म्हणावं, घाई न्हाय, पण ये."

"सांगते," मालनबाई म्हणाली. तिनं बोटांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं. "ती यील. मी सोता घेऊन येते तिला."

"लई उपकार हुतील," नानासाहेब म्हणाले.

पुढच्या सीटवर श्रावस्तीनं स्टेअरिंगवर कपाळ टेकवलं.

तेरला परत आल्यावर मालनबाईनं एक केलं. जीप आली का विचारलं की ती आता ओरडायची नाही. "आज चालत जायचं म्हणून निरोप हाय," असं सांगून त्यांची काठी त्यांच्या हातात द्यायची आणि त्यांना घेऊन तेरणेच्या काठानं हळूहळू रानापर्यंत जायची. ते झाडं मोजायचे, ती हरभऱ्याचा शेंडा खुडायची. त्यांच्यासाठी ती शेवटपर्यंत "बाई"च राहिली, तेरची, मालनच्या ओळखीची. एखाद्या दिवशी ते विचारायचे, "निरोप दिला का?" ती म्हणायची, "दिला. सामान बांधतीय."

माघात त्यांना न्यूमोनिया झाला. धाराशिवच्या दवाखान्यात पाच दिवस होते. सहाव्या दिवशी सकाळी गेले. शेवटचे दोन दिवस ते कोणालाच हाक मारत नव्हते. विहारात भंतेजींनी परित्राण म्हटलं, नायगावहून हिंमतराव दोन एसटी बदलून आला, आणि गावातले लोक म्हणाले, माणूस देवमाणूस होता, बायकोनंही शेवटी सेवा केली. मालनबाई ते ऐकत मान खाली घालून बसली. सेवा हा शब्द तिला कुसळासारखा टोचत होता.

पुण्यानुमोदनाचा दिवस झाला, पाहुणे पांगले. श्रावस्ती रविवारी यायची, काम करायची, जायची. बोलणं दळणाचं, औषधाचं. असे चार-पाच रविवार गेले. एका दुपारी ती ओसरीत पेपर तपासत बसली होती आणि मालनबाई समोर तूर निवडत होती. श्रावस्तीनं पेन खाली ठेवलं.

"माय, माझा राग गेला नाही," ती म्हणाली. "मी प्रयत्न केला. जात नाही."

मालनबाईनं सूप खाली ठेवलं. "व्हय."

"तुझं रान तुला प्यारं होतं, ते मला कळतं. मीसुद्धा बदली आली असती तर नोकरी सोडली नसती. पण अण्णा वाट बघत होते, आणि तू मला त्यांना वाईट समजू दिलंस. ते नाही जात."

"कसं जाईल," मालनबाई म्हणाली. "माझंच जात न्हाय."

बाहेर कोणाची तरी म्हैस हंबरली. श्रावस्ती उठली, आत गेली, पाणी पिऊन आली आणि पुन्हा आईसमोर बसली, या वेळी खाली, जमिनीवर.

"पण म्हणून यायची थांबणार नाही मी," ती म्हणाली. "दर रविवारी येईन. बोललो नाही तरी चालंल."

"ये," मालनबाई म्हणाली. मग तिनं सूप पुन्हा पुढं ओढलं, आणि अर्धी तूर लेकीच्या बाजूला सरकवली. दोघी खडे निवडू लागल्या.